ऑन, सूट आणि रास्त भाव

भाव करायला मराठीत शब्दांची कधी वाण पडली नाही. घासाघीस करणे, भाव पाडणे, ताणून धरणे, ‘शेवटचं काय ते बोला’, ‘ना तुमचं ना माझं, मधलं घ्या’. गुरांच्या बाजारात तर हे सगळं न बोलताही चालतं. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात, आणि भोवतीच्या गर्दीला कळायच्या आत बैलाची किंमत ठरते. सोनाराकडे घडणावळीवर हुज्जत घालता येते, कापडवाल्याकडून मीटरमागे दोन रुपये सोडवून घेता येतात. नवी कोरी मोटार मात्र या शब्दसंपत्तीच्या बाहेर राहिली. स्वातंत्र्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं तिच्यासाठी मुंबईच्या बाजाराला एकच शब्द पुरत होता: ‘ऑन’.

हा शब्द इंग्रजीतून आला खरा, पण त्याचा इथला अर्थ इंग्रजाला सांगूनही कळला नसता. तिकडचं शब्दयोगी अव्यय इकडे नाम झालं. छापील किमतीच्या वर, पावतीशिवाय, रोख द्यायची रक्कम म्हणजे ऑन. ‘फियाटला सध्या किती ऑन चाललाय?’ असा प्रश्न विचारला जाई, आणि ऐकणाऱ्याला त्यात वावगं काही वाटत नसे. खोलीला पगडी, सिनेमाच्या तिकिटाला ब्लॅक, तसा मोटारीला ऑन. भाव करणं म्हणजे किंमत खाली आणणं, हा बाजाराचा साधा धडा. मोटारीच्या बाजारात तो उलटा गिरवला जात होता. गिऱ्हाईक जो सौदा करत होतं तो किंमत किती कमी द्यायची याचा नव्हता, किती जास्त द्यायची याचा होता.

नव्या गाडीची रास्त किंमत कोणी ठरवायची? कारखानदाराने, सरकारने, न्यायालयाने की बाजाराने? आपल्याकडे या प्रत्येकाला आपापली पाळी मिळाली. जो पैसे मोजतो त्याची पाळी सगळ्यांत शेवटी आली. तो क्रम कसा लागला, हे पाहण्यासारखं आहे.

भारतात मोटारी जुळवण्याचं काम आधी परदेशी कंपन्या करत. जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून मुंबईत शिवडीला होता. फोर्डही इथे होती. सुटे भाग जहाजातून यायचे, इथे जोडले जायचे. देशी भांडवलाने उभे राहिलेले दोन मोठे प्रयत्न चाळीसच्या दशकातले. बिर्लांनी १९४२ मध्ये हिंदुस्थान मोटर्स काढली, आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. वालचंदांचा करार क्रायसलरशी होता आणि कारखाना कुर्ल्याला. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारने धोरण ठरवलं की, ज्यांच्याकडे टप्प्याटप्प्याने गाडी इथेच बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच या धंद्यात राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. पुढे सामान्य गिऱ्हाइकापुढे तीनच नावं उरली: उत्तरपाड्याची अँबॅसॅडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड.

गाड्या थोड्या होत्या. परकीय चलनाची टंचाई होती, पोलाद मोजून मिळत होतं, आणि मोटार ही चैनीची वस्तू आहे याबद्दल नियोजनकर्त्यांच्या मनात शंका नव्हती. त्यामुळे तीन कारखाने मिळून जे काढत ते मागणीला पुरत नसे. अशा बाजारात किंमत आपोआप वर जायला हवी. सरकारने ती तशी जाऊ दिली नाही. विक्री आणि वाटपावर बंधनं घालणारा ‘मोटर कार्स (डिस्ट्रिब्युशन अँड सेल) कंट्रोल ऑर्डर’ १९५९ मध्ये निघाला. नाव नोंदवायचं, अनामत भरायची, क्रमाची वाट पाहायची. काही गाड्या सरकारी कोट्यात बाजूला काढल्या जात. ज्याला गाडी मिळाली त्याने ती लगेच विकू नये, असंही बंधन होतं. नियम वाचले की वाटतं, गाडी ही वस्तू नसून रेशनचं धान्य आहे. एका अर्थाने ती तशीच होती. ‘रास्त भाव’ हा शब्द मराठी माणसाने शिकला तो रेशनच्या दुकानाच्या पाटीवर. मोटारीलाही तोच शब्द लागू झाला, फक्त रांग दहा-वीस माणसांची न राहता वर्षांची झाली.

त्या काळातल्या किमतीचा अंदाज एका घरगुती हकिकतीवरून येतो. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना, १९६४ मध्ये, त्यांच्या घरच्यांनी गाडी घेण्याचा आग्रह धरला. त्यांचे चिरंजीव अनिल शास्त्री यांनी ही गोष्ट अनेकदा सांगितली आहे. फियाटची किंमत १२,००० रुपये होती, शास्त्रीजींच्या खात्यात ७,००० होते. उरलेले ५,००० त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ घेतले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचं निधन झालं तेव्हा कर्ज फिटलेलं नव्हतं. ललितादेवींनी ते आपल्या पेन्शनमधून फेडलं. ही गोष्ट साधेपणाचं उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि तशी ती आहेच. पण तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. बारा हजारांवर एक पैसा वर नाही, एक पैसा खाली नाही. छापील किंमत सरळ मोजणारा माणूस ही त्या काळात सांगण्यासारखी गोष्ट होती.

कारण बाकीच्यांसाठी छापील किंमत ही केवळ सुरुवात असे. कागदावर बारा हजार, बाजारात त्याहून बरीच जास्त, आणि मधल्या फरकावर हक्क सांगणारे अनेक. ज्याचा नंबर आधी लागला तो, ज्याने नुसतीच नावं नोंदवून ठेवली होती तो, ज्याची कोट्यापर्यंत ओळख होती तो. ‘नंबर लागणे’ हा वाक्प्रचार त्या पिढीने लॉटरी, टेलिफोन, गॅस आणि वाहन या सगळ्यांसाठी सारखाच वापरला. स्कूटरच्या नोंदणीसाठी टपाल बचत खात्याचं पासबुक विक्रेत्याकडे तारण ठेवावं लागे. मुलाच्या मुंजीत नाव नोंदवावं म्हणजे लग्नात स्कूटर मिळेल, असा विनोद केला जाई. तो सांगणाऱ्याला फारसा अतिशयोक्त वाटत नसे.

या व्यवस्थेत स्वस्त गाडीचं स्वप्न पाहणारेही होतेच. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची छोटी गाडी घडवली आणि दोन दशकं तिच्या एकामागून एक सुधारलेल्या आवृत्त्या तयार केल्या. गाडी रस्त्यावर धावली, पण कारखान्यापर्यंत पोहोचली नाही. परवान्यांच्या काळात गाडी बनवता येणं आणि ती बनवायला परवानगी मिळणं, या दोन वेगळ्या विद्या होत्या. ती बाजारात आली असती तर तिघांच्या बाजाराला चौथी किंमत मिळाली असती. सौदा करायला गिऱ्हाइकाच्या हाती काय लागतं? दुसरं दुकान. ते नसेल तर वक्तृत्व कितीही असो, उपयोग नाही.

मग साठच्या दशकाच्या अखेरीस भाव करण्याचं काम सरकारनेच हाती घेतलं. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्यात ‘१८ जी’ नावाचं कलम आहे. वस्तूंचं न्याय्य वाटप व्हावं आणि त्या रास्त किमतीला मिळाव्यात यासाठी किंमत ठरवून देण्याचा अधिकार ते केंद्राला देतं. १९६९ मध्ये या अधिकाराने सरकारने तिन्ही गाड्यांच्या किमती आदेशाने निश्चित केल्या. कारखानदार भडकले. या किमतीत आमचा खर्चही निघत नाही, असं म्हणत ते सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार’ या नावाने तो खटला ओळखला जातो. निकाल १९७१ च्या नोव्हेंबरात लागला.

निवाड्यांच्या ग्रंथात हा खटला रुक्ष वाटतो, पण त्यातला वाद मूळचा बाजारातलाच आहे. एका बाजूला सरकार म्हणतंय, तुमचा खर्च फुगलेला आहे. दुसऱ्या बाजूला कारखानदार म्हणतायत, पोलाद महागलं, मजुरी वाढली, सुट्या भागांचे दर वाढले, तुम्ही आम्हाला बुडवता आहात. दोघांच्या संमतीने एक चौकशी आयोग नेमला गेला. त्याने गाडी आतून उघडावी तसा खर्च उघडला. कच्चा माल किती, मजुरी किती, घसारा किती, विक्रेत्याचं कमिशन किती, गुंतवलेल्या भांडवलावर परतावा किती टक्के धरायचा. न्यायालयाने मान्य केलेलं मुख्य सूत्र असं: किंमत रास्त म्हणायची तर ती ग्राहकाला रास्त हवी आणि उत्पादकालाही, उत्पादकाला वाजवी परतावा न देणारी किंमत कायद्याच्या अर्थाने रास्त नव्हे.

सूत्र न्याय्य आहे. त्यात उणीव शोधायची तर ती दुसरीकडे आहे. या सौद्याच्या टेबलाशी सरकार होतं, कारखानदार होते, वकील आणि हिशेबनीस होते. रांगेतला माणूस नव्हता. त्याच्या वतीने सरकार बोलत होतं, पण सरकार बोलत होतं ते फक्त किमतीबद्दल. गाडी कधी मिळेल, दार नीट लागेल का, पहिल्याच पावसात छत गळेल का, हे किमतीचेच भाग आहेत. पंधरा-सोळा हजारांच्या आसपास किंमत निश्चित झाली तरी गाड्यांची संख्या वाढली नाही, म्हणजे रांग घटली नाही, म्हणजे ऑन उतरला नाही. कायद्याने किंमत जितकी खाली धरली तितकी ऑनला जागा मोकळी झाली. कारखानदाराच्या खिशात जो पैसा जाऊ नये म्हणून एवढा खटाटोप झाला, तो पैसा गिऱ्हाइकाने मोजलाच. फक्त तो कारखान्यात नवं यंत्र घेण्याऐवजी दुसऱ्याच कोणाच्या तिजोरीत गेला. सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेल्या रास्त किमतीला बाजारात गाडी मिळत नव्हती, ही त्या काळाची खरी गोष्ट.

नियंत्रण उठलं ते कोणाचं मतपरिवर्तन झाल्यामुळे नव्हे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल भडकलं आणि मोटारीची मागणीच बसली. १९७५ मध्ये किंमत नियंत्रण सरकारने काढून घेतलं. मागणी सावरली तेव्हा गाड्या त्याच होत्या, किमती मात्र मोकळ्या. फियाटचं नाव दरम्यान प्रीमियर पद्मिनी झालं होतं.

पुढचा अंक मारुतीचा. सरकारी कंपनी १९८१ मध्ये स्थापन झाली, ऑक्टोबर १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला, आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीच्या किल्ल्या दिल्या गेल्या. किंमत ४७,५०० रुपये. त्याआधी नोंदणी उघडली तेव्हा १०,००० रुपये अनामत ठेवून सुमारे १ लाख ३५ हजार लोकांनी नाव घातलं. कोणीही चालवून पाहिली नव्हती, बहुतेकांनी प्रत्यक्ष पाहिलीही नव्हती. नव्याने येणाऱ्या गाडीसाठी इतक्या लोकांनी इतके पैसे आधी मोजावेत, यात भारतीय मध्यमवर्गाच्या किती वर्षांच्या वाट पाहण्याचा हिशेब दडला होता!

क्रम सोडतीने लागला. ऑन गेला नाही. त्याने गाडी बदलली. ज्यांचा नंबर आधी लागला त्यांच्यातल्या काहींना गाडीपेक्षा नंबर विकण्यात जास्त फायदा दिसला. ज्यांचा उशिरा लागला त्यांना दुसराच धडा मिळाला. १९८५ नंतर जपानी येन महागला, आयात होणारे भाग महागले, मारुतीची किंमत चढली. नोंदणी ज्या दिवशी केली त्या दिवशीची किंमत आणि गाडी ज्या दिवशी हातात आली त्या दिवशीची किंमत, या दोन वेगळ्या गोष्टी असतात; आणि ऑर्डर फॉर्मवर सही करताना माणूस पहिली डोळ्यांपुढे ठेवून दुसरीला संमती देत असतो. हे कलम तेव्हा होतं, आजही आहे.

ऑनचं पुढे काय झालं, याचं उत्तर मुंबईच्या वित्तव्यवहारात सापडतं. नव्वदच्या उंबरठ्यावर मारुतीसाठी अजून महिनोन्‌महिने थांबावं लागत होतं. त्या वेळी उदय कोटक यांच्या तरुण कंपनीने मोटारकर्जाच्या धंद्यात पाय टाकला. समोर सिटीबँकेसारखा बलाढ्य स्पर्धक होता. कोटक यांनी सांगितलेली युक्ती साधी होती: गाड्या घाऊक प्रमाणात आधीच नोंदवून ठेवायच्या, आणि जो आपल्याकडून कर्ज घेईल त्याला गाडी लगेच द्यायची. अर्थशास्त्राच्या भाषेत पाहिलं तर जो पैसा पूर्वी ऑन म्हणून पावतीशिवाय जात होता, त्याला आता बाहेर पडायला एक सरळ वाट मिळाली: तो व्याजात शिरला, पावतीवर आला. वाट न पाहण्याची किंमत प्रथमच उजेडात मोजली गेली.

१९९३ मध्ये मोटार उद्योगावरचा परवाना उठला. त्यानंतर एकामागून एक कंपन्या आल्या, पण नोंदणीची जुनी सवय सुटायला वेळ लागला. १९९६ मध्ये युनो या गाडीसाठी लाखोंनी अर्ज आले. कुर्ल्याच्या कारखान्यातला संप आणि कमी उत्पादन यांमुळे त्यातल्या फार थोड्यांना गाडी मिळाली. अनामत रक्कम हे कंपनीला मिळालेलं बिनतारणाचं कर्ज असतं, हे कित्येक घरांना तेव्हा उमगलं.

पारडं फिरलं ते १९९८ मध्ये. त्या वर्षी सप्टेंबरात सँट्रो आली, पाठोपाठ मॅटिझ, आणि डिसेंबरच्या अखेरीस पुण्याची इंडिका. इंडिकासाठी पुढच्या महिन्यात पूर्ण रक्कम भरून सुमारे १ लाख १५ हजार लोकांनी नोंदणी केली, म्हणजे जुना उत्साह होताच. पण महत्त्वाची घटना दुसरी होती: त्याच डिसेंबरात मारुतीने आपल्या किमती उतरवल्या. भारतात नव्या मोटारीची किंमत खाली येते, तीही सरकारच्या आदेशाने नव्हे तर शेजारच्या दुकानाच्या भीतीने, हे त्या पिढीने प्रथमच पाहिलं. ‘ऑन’ हा शब्द हळूहळू मागे पडला. त्याच्या जागी ‘डिस्काउंट’ आला आणि मराठीत ‘सूट’.

आता खरी घासाघीस सुरू झाली, आणि लगेच लक्षात आलं की गाडीची किंमत ही एक किंमत नसून साखळी आहे. एक्स-शोरूम किंमत, तिच्यावर आरटीओचा कर, विमा, अ‍ॅक्सेसरीज, वाढीव वॉरंटी, ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’ नावाची एखादी गूढ ओळ, दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस. या सगळ्यांची बेरीज म्हणजे ऑन-रोड. इंग्रजीतलं ते ‘ऑन’ असं दुसऱ्या रूपाने परत आलं, पण आता पावतीसकट. गाडी नुकतीच बाजारात आली असेल तर एक्स-शोरूम किमतीवर विक्रेता सहसा बोलतच नाही. त्याच्याकडे गाड्या मोजक्या आणि विचारणारे पुष्कळ असतात. १९६४ चा बाजार काही आठवड्यांपुरता पुन्हा मांडला जातो. पण साखळीतल्या बाकीच्या कड्या हलतात. विमा त्याच्याकडूनच घेण्याचं बंधन नसतं. बाहेरून भाव काढून आणला की त्याचाही भाव उतरतो. जुन्या गाडीची किंमत वाढवून मागता येते, कर्जाचं प्रक्रिया शुल्क सोडवून घेता येतं. हँडलिंगची ओळ कशासाठी आहे, एवढा प्रश्न शांतपणे विचारला तरी ती बहुधा पुसट होते.

आणि वेळ साधता येते. पाडवा आणि दसरा या दिवशी दारात गाडी हवी म्हणणारं गिऱ्हाईक विक्रेत्याला आधीच जिंकून दिलेलं असतं, कारण त्याची तारीख ठरलेली असते आणि ती विक्रेत्याला माहीत असते. पितृपंधरवड्यात शोरूम ओस पडतात. त्या दिवसांत शिरलेल्या माणसाला चहाही लवकर येतो आणि सूटही. डिसेंबर संपताना त्या वर्षी बनलेल्या गाड्या विक्रेत्याला जड होतात, कारण जानेवारीत त्या एका रात्रीत वर्षभर जुन्या ठरतात. पंचांग आणि कॅलेंडर दोन्ही जवळ ठेवून भाव करावा लागणारी ही बहुधा एकच वस्तू असेल.

पण हा सौदा तरी मोकळा होता का? २०१७ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने ह्युंदाईला ८७ कोटींचा दंड केला. विक्रेत्यांनी किती सूट द्यावी यावर कंपनी मर्यादा घालते, हा त्यातला एक आरोप. तो आदेश पुढच्या वर्षी अपिलात रद्द झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये आयोगाने याच कारणासाठी मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड ठोठावला. या प्रकरणाची सुरुवात स्वतःला पश्चिम विभागातला विक्रेता म्हणवणाऱ्या एकाच्या निनावी ईमेलने झाली होती. आयोगाच्या निष्कर्षांनुसार, ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सूट देणाऱ्या विक्रेत्याला दंड होई, आणि तो पकडण्यासाठी गिऱ्हाइकाचं सोंग घेतलेली माणसं शोरूममध्ये पाठवली जात. कंपनीने या आदेशाविरुद्ध अपील केलं. खटल्याचा शेवट काहीही होवो, त्यातलं चित्र विसरता येत नाही: समोर बसलेलं गिऱ्हाईक खरं आहे की पाठवलेलं, या धास्तीने सूट द्यायला कचरणारा सेल्समन. आपल्याला वाटतं आपण त्याच्याशी भाव करतोय. तो बिचारा खुर्चीत नसलेल्या तिसऱ्याच कोणाला उत्तरं देत असतो.

किमतीशी आणखी एका वेगळ्या प्रकारे झुंज दिली गेली. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत रतन टाटांनी नॅनो दाखवली आणि विक्रेत्यापाशी एक लाख रुपये ही किंमत पाळण्याचा शब्द पाळला. इथे खर्चावरून किंमत निघाली नव्हती. किंमत आधी उच्चारली गेली आणि अभियंत्यांना ती गाठावी लागली. कर आणि वाहतूक धरून गिऱ्हाइकाला ती जास्तच पडली, तरीही एप्रिल २००९ मधल्या नोंदणीत २ लाख ३ हजार लोकांनी पूर्ण पैसे भरले, आणि पहिल्या एक लाखांची निवड सोडतीने झाली. पुढे गाडी मंदावली, दशक सरताना बंद झाली. ‘सर्वांत स्वस्त गाडी’ ही ओळख तिला भोवली, असं टाटांनीही नंतर म्हटलं. रास्त किमतीच्या इतिहासातलं हे बोचरं पान आहे. चाळीस वर्षं जे लोक किंमत खाली यावी म्हणून तळमळले, त्यांच्याच मुलांना खाली आलेल्या किमतीची गाडी शेजाऱ्यापुढे उभी करायला संकोच वाटला.

३० जुलै २०२२ रोजी चाकणच्या स्कॉर्पिओ-एनची नोंदणी उघडली. पहिल्या २५,००० नोंदणीदारांसाठी खास प्रारंभिक किंमत होती. ते आकडे एका मिनिटात संपले, आणि अर्ध्या तासात नोंदणी लाखावर गेली. त्यानंतरच्यांना गाडी मिळेल त्या दिवशीची किंमत. १९८३ ची रांग महिन्यांची होती, ही सेकंदांची. पण रचनेकडे नीट पाहिलं तर ओळख पटते: न चालवलेली गाडी, आधी भरलेली रक्कम, नंतर ठरणारी किंमत. फरक इतकाच की आता रांग टंचाईतून जितकी येते तितकीच घाईतूनही येते, आणि घाई योजून उभी करता येते. घाईत असलेलं गिऱ्हाईक भाव करत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, वरचा उपकरही गेला. तो दिवस घटस्थापनेचा होता. आधीचा पितृपंधरवडा लोकांनी नुसता बसून काढला. या वेळी पितरांखेरीज करकपातीचंही कारण होतं. बदल जाहीर झाल्यापासून घरोघरी एकच हिशेब चालू होता: कर कमी झाला तेवढी किंमत खरंच उतरते का? किमतीच्या साखळीतली एक कडी सरकारच्या हातात असते, हे त्या पंधरा दिवसांत लोकांना अनेक वर्षांनी पुन्हा लख्ख दिसलं.

या साठ-पासष्ट वर्षांत गिऱ्हाइकाच्या हाती ताकद आली हे खरं. पण ती सगळ्यांच्या हाती सारखी आली नाही. ज्याच्याजवळ तीन शोरूम फिरायला वेळ आहे, ज्याला कोटेशनमधलं इंग्रजी वाचता येतं, जो ‘नको, विचार करून सांगतो’ म्हणून उठू शकतो, त्याला सूट मिळते. ज्याला टुरिस्ट परमिटसाठी गाडी या महिन्यात हवीच आहे, ज्याचा हप्ता गाडी फिरण्यावर अवलंबून आहे, तो छापील आकडा मोजतो आणि वर फूटमॅटसुद्धा विकत घेतो. एकाच दिवशी, एकाच रंगाच्या दोन गाड्या दोन किमतींना जातात, आणि जास्त मोजणारा बहुतेक वेळा तो असतो ज्याला ते कमी परवडतं. ऑनच्या काळात अन्याय कोट्याने केला, आता तो घासाघीशीच्या कौशल्यामार्फत होतो.

‘रास्त’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. तिथे त्याचा अर्थ सरळ, खरा. स्वस्त असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. सरकारने तो स्वस्त या अर्थाने वापरून पाहिला, न्यायालयाने परताव्याच्या टक्क्यांत मोजून पाहिला, कंपन्यांनी त्याला लाखाच्या गोल आकड्यात बसवून पाहिलं. मूळ अर्थ धरला तर मागणं फार मोठं नाही. किमतीतली प्रत्येक ओळ कशाची आहे ते कागदावर, वाचता येईल अशा भाषेत लिहिलेलं असावं. ती पुण्याच्या डॉक्टरला आणि परभणीच्या टुरिस्टवाल्याला सारखीच असावी. आणि सहीच्या दिवशीचा आकडा किल्ली मिळेपर्यंत तोच राहावा. एवढं झालं तर भाव करायला फारसं काही उरणार नाही. तोपर्यंत रुमालाखालची बोटं मोजत राहावं लागेल, आणि विचार करून सांगतो म्हणून उठण्याची तयारीही ठेवावी लागेल.